मोतीराम पळत नव्हता

सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मी गच्चीत झाडांना पाणी घालत होतो. मोतीरामच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मागे कोणीतरी हंबरडा फोडला आणि फोन बंद झाला. नळी तशीच वाहत राहिली. बायको वर आली तेव्हा गच्चीभर पाणी झालं होतं आणि मी कठडा धरून उभा होतो. तसं पाहिलं तर बातमी अनपेक्षित नव्हती. हृदय मोठं झालंय, पायाला सूज आहे, जास्त आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळीच मी त्याच्या उशाशी बसून आलो होतो. पण माहीत असणं वेगळं आणि तो नसणं वेगळं. चाळिशीसुद्धा धड गाठली नाही हो त्यानं.

तिसऱ्या दिवशी नाशिक रोडला, ज्या मैदानावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं तिथंच शोकसभा झाली. भलामोठा फ्लेक्स लावला होता. वर मोतीरामचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'सह्याद्रीचा वारा थांबला'. मग एकेक जण बोलायला उठला. कोणी म्हणालं, हरणासारखा पळायचा. कोणी म्हणालं, डोंगरदऱ्यांनीच त्याला दम दिला होता. एका सद्गृहस्थांनी तर चपळाई या आदिवासी लोकांच्या रक्तातच असते, असंही सांगून टाकलं. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि डोक्यात नुसती तिडीक जात होती. अहो, कसलं हरीण आणि कसला वारा! मोतीरामएवढा हळू माणूस मी फुटबॉलच्या मैदानावर दुसरा पाहिलेला नाही. तळवे सपाट, चाल फेंगडी. आम्ही संघातली पोरं त्याला प्रेमानं 'बैलगाडी' म्हणायचो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, चार गुळमुळीत वाक्यं बोललो आणि खाली बसलो. खरं काही बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर भाषणं करणाऱ्यांवर चिडण्याचा मला हक्कही नाही. कारण मोतीराम पळतो, ही थाप पहिल्यांदा मीच मारली होती.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी मखमलाबादच्या मळ्यातला, फुलं आणि भाजीपाला करणाऱ्या घरातला. कॉलेजच्या संघात गोलकीपर होतो. मोतीराम सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. आश्रमशाळेतून बारावी होऊन नाशिकला आला होता आणि आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहत होता. रंगानं काळाकुळकुळीत, अंगानं बारीक, आणि बोलायला लागला की आधी दोन क्षण थांबणार. पहिल्या दिवशी सरावाला आला तो स्लिपर घालून. आमचा कॅप्टन म्हणाला, "बूट कुठंय?" तर हा शांतपणे म्हणतो, "बूट नाय, पाय हाय." आम्ही हसलो. पण अर्ध्या तासानंतर कोणी हसत नव्हतं. हा गडी मधोमध उभा राहायचा, जेमतेम चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, आणि बॉल बरोबर त्याच्याकडं यायचा. आला की एका टोल्यात असा निघायचा की समोरच्या संघाची तीन माणसं तोंड उघडून बघत राहायची. मी गोलपोस्टमध्ये त्याच्या मागेच उभा असल्यामुळे मला ते सगळ्यात चांगलं दिसायचं. बॉल यायच्या आधीच त्याची मान वळलेली असायची. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. जणू गल्लीत कोण कोण बसलंय ते बघून घेतोय!

मी एकदा त्याला विचारलं, हे तू शिकलास कुठं? तर म्हणाला, "आश्रमशाळेत चाळीस पोरं आन् एक बॉल. पळून कुठं मिळायचा? पळणारे लय होते. मग मी बघायला लागलो, बॉल आता कुठं जाईल. तिथं जाऊन थांबायचो." आणि डोंगरातली माणसं पळतात म्हणे, असं कोणी चिडवलं की तो खरोखर गोंधळून जायचा. "आमच्याकडं कोण पळतं रं? डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन पळता येतं व्हय? डोंगर हळूच चढायचा असतो. पळतो तो अर्ध्यात बसतो." ही सगळी अक्कल त्याच्याकडं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी होती. माझ्याकडं नव्हती.

दुसऱ्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या संघासाठी निवड चाचणी नाशिक रोडला झाली. तेव्हा असंच होतं. कंपनीच्या संघात घेतलं म्हणजे नोकरी, पगार आणि दिवसभर फुटबॉल. आमच्यासारख्या पोरांसाठी यापलीकडं स्वर्ग नव्हता. जिल्ह्यातून शंभरेक मुलं आली होती. निवड करणारे साहेब मुंबईहून आले होते. टोपी, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. सकाळभर त्यांनी नुसत्या शर्यती लावल्या. जो पळेल त्याचं नाव कागदावर, बाकीच्यांकडं बघायचंसुद्धा नाही. गोलकीपर म्हणून माझी परीक्षा वेगळी झाली आणि साहेब माझ्यावर खूश झाले. मधल्या सुट्टीत चहा पिताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि झाडाखाली बसलेल्या मोतीरामकडं बोट दाखवून विचारलं, "तो काळा मुलगा तुझ्याबरोबर आलाय ना? कसा आहे?"

त्याची शर्यतीची पाळी अजून यायची होती. शर्यतीत तो मागे पडणार आणि त्याचं नाव कागदावर जाणारच नाही, हे मला दिसत होतं. मला त्याला वाचवायचं होतं, देवाशप्पथ. आता मी काय सांगायला हवं होतं? सर, तो मैदान वाचतो. सर, त्याला मध्ये खेळवा आणि दहा मिनिटं फक्त बघत राहा. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मला वाटलं, सुरगाण्याच्या पाड्यावरच्या पोराचं डोकं चालतं असं सांगितलं तर साहेब हसतील. त्यांना पटेल असं काहीतरी सांगू. आणि मी म्हणालो, "सर, एकदम फास्ट आहे. आदिवासी आहे, डोंगरात वाढलाय. लय पळतो."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग असं सांग ना! शर्यत कशाला, डायरेक्ट सामन्यात घेऊ. विंगला उभा करतो." मला इतका आनंद झाला की चहाचा कप हातात तसाच घेऊन मी मोतीरामला सांगायला पळालो. काय बोललो ते मात्र सांगितलं नाही. फक्त म्हणालो, तुझं काम झालं.

पुढची वीस मिनिटं मी आजही डोळे मिटले की बघतो. त्याला उजव्या कडेला उभं केलं. बॉल त्याच्या पुढं, मोकळ्या जागेत टाकायचे आणि तो पोचेपर्यंत समोरचा घेऊन जायचा. पुन्हा टाकायचे, पुन्हा तेच. कडेला बसलेली पोरं ओरडायला लागली, "अरे ए जंगल, पळ की!" तो दोनदा आपणहून मध्ये आला. मधे आल्याबरोबर त्याला बॉल मिळाला, आणि त्यानं मान वळवून असा एक पास दिला की आमचा पोरगा एकटा गोलसमोर होता. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि खेकसले, "जागेवर राहा! तुला डोकं चालवायला कोणी सांगितलं?" मग तो मुकाट्यानं कडेला गेला. चाचणी संपल्यावर साहेब त्यांच्या सहकाऱ्याला म्हणत होते ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "डोंगरातला असून दम नाही. आळशी दिसतो." माझं नाव यादीत पहिलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं बिटको चौकापर्यंत चालत आलो. शेवटी तोच म्हणाला, "मी कमी पडलो, दत्तू. पळायला पायजे होतं." मी म्हणालो, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी बघू." काय हे माझं बोलणं! खरं एक वाक्य बोलायचं होतं, ते राहिलं आणि पुढं पंधरा-सोळा वर्षं राहिलंच.

मी मुंबईला गेलो. मोतीराम मात्र 'पुढच्या वर्षी बघू' हे मनावर घेऊन बसला. रोज पहाटे सायकलनं पांडवलेण्याला जायचा आणि डोंगराच्या त्या पायऱ्या पळत चढायचा, पळत उतरायचा. एक खेप, दोन खेपा, दहा खेपा. ज्या माणसाला डोंगर हळू चढायचा असतो हे जन्मापासून माहीत होतं, तो माणूस! सुट्टीत आलो की मला अभिमानानं सांगायचा, आज इतक्या खेपा झाल्या. मी मान हलवायचो. आठ-दहा महिने हे चाललं. सपाट तळव्यांच्या पायांनी किती सोसायचं? एका पावसाळ्यात तो पायरीवरून घसरला आणि उजवा गुडघा जो गेला तो गेलाच. त्यानंतर तो कायम पाय ओढत चालला. पुढच्या वर्षीची चाचणी त्यानं कुबडी घेऊन बघितली.

मुंबईत माझं बरं चाललं होतं. आमच्या संघात आफ्रिकेतून आलेला एक खेळाडू होता, सॅम्युअल नावाचा. धिप्पाड, पण आवाज एखाद्या शाळामास्तरासारखा मऊ. प्रेक्षक त्याला बघून माकडासारखे आवाज काढायचे आणि आमचे प्रशिक्षक त्याला पुढं उभं करून सांगायचे, घुस, धडक मार, पाड सगळ्यांना. एकदा सामना हरलो आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं. कपडे बदलताना तो माझ्या शेजारी बसला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरे गाव में मैं दस नंबर था, दत्ता. बीच में खेलता था, सबको खिलाता था. इधर सब मेरा पैर देखा, छाती देखा. कोई नहीं पूछा, तू खेल कैसे समझता है." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाशिक रोडच्या चाचणीतला तो साहेब तर परका होता. मला मात्र माहीत होतं ना, मोतीराम खेळ कसा समजतो! माहीत असून मी त्याचे पाय पुढं केले. त्या रात्री मी त्याला आंतरदेशीय पत्र लिहायला घेतलं, पण 'प्रिय मोतीराम'च्या पुढं गेलो नाही.

खेळ संपला, कंपनीतली नोकरी सुटली, आणि दोन हजारनंतर मी दुसरी नोकरी धरून नाशिकला परत आलो. मोतीराम तोपर्यंत नाशिक रोडच्या त्याच मैदानाच्या शाळेत शिपाई म्हणून लागला होता. मैदानावर पाणी मारणं, चुन्याच्या रेघा आखणं, जाळ्या शिवणं ही त्याची कामं. पण संध्याकाळी त्याच्याभोवती पोरांचा घोळका असायचा. सुमनवहिनी हसत तक्रार करायच्या, "आमच्या घरी मीठमिरचीच्या डब्या कधी जागेवर नसतात, भाऊजी. जमिनीवर मांडून पोरांना दाखवत बसतात, हा इथं, तो तिथं." मी गेलो की डब्यांमधला तेलाचा बुधला म्हणजे मी, गोलकीपर. मी गेलो आणि तो मागे राहिला, याचा मनात राग नव्हता त्याच्या. निदान मला तरी कधी दिसला नाही, आणि त्यामुळे माझा जीव आणखीनच कोंडायचा.

मग शहरात पगारी प्रशिक्षकांचं एक फुटबॉल केंद्र सुरू झालं, त्याच मैदानावर. मुंबईत खेळून आलेला म्हणून मला समितीत घेतलं. मुख्य प्रशिक्षक निवडायचा होता. मी मोतीरामचं नाव घेतलं, हो, घेतलं! पण कसं घेतलं? "अनुभव बराच आहे," असं तोंडातल्या तोंडात म्हणालो. एक जण म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण पालकांशी इंग्रजीत कोण बोलणार?" दुसरे म्हणाले, "शिपायाला सर म्हणायला पोरांना जड जाईल." तिसऱ्यांनी तोडगा काढला. "त्याला फिटनेसला घेऊ. आदिवासी आहे, त्यांचा दम चांगला असतो." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. गुडघा मोडलेल्या, मैदानावर कधी न पळालेल्या माणसाला पोरांना पळवायचं काम देत होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "चालेल. निदान आत तरी येईल."

मी त्याला सांगायला गेलो तेव्हा तो खो खो हसला. "लंगड्याला पळायची नोकरी! दत्तू, देवाला बी लय काम नाय बघ." पण नोकरी त्यानं इमानानं केली. शिट्टी वाजवायचा, फेऱ्या मोजायचा. बाहेरून आलेले मुख्य प्रशिक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. सामना अडकला की तेच मोतीरामजवळ येऊन हळूच विचारायचे, "सर, आता काय करू?" मोतीराम त्यांना दोन वाक्यं सांगायचा आणि सामना फिरायचा. चषकाचा फोटो निघायचा तेव्हा हा जाळ्या गोळा करत असायचा. मी हाक मारली की म्हणायचा, "येतो, येतो," आणि यायचा नाही. प्रशिक्षकाच्या परीक्षेला एकदा बसला होता. मैदानावरच्या परीक्षेत पहिला आला आणि इंग्रजीच्या पेपरात नापास झाला. पुन्हा काही बसला नाही.

शेवटच्या आजारपणात मी रोज दवाखान्यात जायचो. एक दिवस दुपारी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. तो उशांना टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला दम लागायचा. मला एकाएकी वाटलं, आता नाही बोललो तर हे माझ्याबरोबर सरणावर जाईल. आणि मी सगळं सांगून टाकलं. चहाचा कप, साहेबांचं बोट, माझं ते वाक्य, सगळं. सांगताना मी रडत होतो, त्याच्याकडं बघायची हिंमत नव्हती. मला वाटलं, शिवी देईल, नाहीतर नेहमीसारखा हसून सोडून देईल. दोन्ही केलं नाही त्यानं. खिडकीकडं बघत म्हणाला, "म्हंजे मी कमी नव्हतो पडलो?"

"नाही रे, नाही. तू कमी नव्हतास. मी चुकीचं सांगितलं."

"मला वाटायचं, आपल्यातच खोट हाय. सगळे म्हणतात पळतो, आन् मला पळता येत नाय." त्यानं श्वास घेतला. "मग त्या पायऱ्या मी उगाच चढलो."

एवढंच. आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. जे होतं ते त्यानं फक्त समोर ठेवलं. वहिनी डबा घेऊन आल्या, त्यानं दोन घास भात खाल्ला आणि मला म्हणाला, "तू बी खा." मी खाल्लं. त्यानंतर आमचं मोकळं बोलणं झालंच नाही. मी गेलो की तो झोपलेला असायचा, किंवा डोळे मिटून पडलेला असायचा. कोणतं खरं, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं धाडसही माझ्यात नव्हतं.

तेराव्यानंतर केंद्राच्या समितीची बैठक झाली, त्याची जागा भरायला. बैठक त्याच्याच खोलीत होती, मैदानाच्या कडेच्या सामानाच्या खोलीत. खजिनदार म्हणाले, "पेठ-सुरगाण्याकडचाच एखादा बघा. त्यांचा दम चांगला असतो." या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "मोतीराम पळत नव्हता. तुमच्यापैकी कोणीही त्याला पळताना बघितलेलं नाही, कारण मैदानावर तो कधी पळालाच नाही. या जिल्ह्यात खेळ समजणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. तो मुख्य प्रशिक्षक व्हायला हवा होता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." खजिनदारांनी चष्मा काढला आणि खरोखरच न समजून विचारलं, "मग इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाही?"

बैठक उरकली, मंडळी गेली, मी तिथंच बसून राहिलो. त्या खोलीला मैदानाकडं एक लहानशी खिडकी आहे आणि खिडकीशी एक लाकडी स्टूल आहे, बसून बसून मधे खोलगट झालेलं. गुडघा फार दुखायचा तेव्हा तो तिथं बसून सराव बघायचा. मी त्या स्टुलावर बसलो. बाहेर संध्याकाळचा सराव चालू होता. अर्धा तास मी डोळे फाडून बघत होतो. कोण कुठं मोकळा आहे, बॉल आता कुठं जाईल, त्याला इथून काय दिसत असेल... पुन्हा पुन्हा बघितलं. मला नुसती पळणारी पोरं दिसत होती.